हिरामण अंपायरचा उजवा हात

जांभळोलीत भाताची कापणी उरकली की खाचरांचं मैदान होतं. मधले दोन बांध फोडायचे, धसकटं दाबून बसवायची, पिच शेणाने सारवायचं आणि बक्षिसाचे पैसे देणाऱ्या सहदेवशेठनी नारळ फोडायचा. उरलेला बांध हीच बाउंड्री. चेंडू बांधाला लागला की चौकार, पलीकडे पडला की षटकार आणि गोदूबाईच्या वालाच्या वाफ्यात पडला की खेळ थांबतो, कारण गोदूबाई चेंडू परत देत नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण सगळे पाळतात. पुस्तकातले नियम पाळले जातातच असं नाही.

या मैदानावर गेली वीस वर्षं अंपायर एकच, हिरामण म्हसकर. पहिल्याच वर्षी त्याने पळसद्याच्या कॅप्टनला रनआऊट दिलं होतं. पळसदे ही हिरामणची सासुरवाडी आणि तो कॅप्टन सख्खा मेव्हणा. त्या दिवाळीला विमलबाईंना माहेरचं बोलावणं आलं नाही. पुढच्यालाही आलं नाही. तेव्हा पंचक्रोशीने ओळखलं, की जो बायकोच्या माहेराला घाबरत नाही, तो कोणालाच घाबरणार नाही. तेव्हापासून हिरामणचं बोट वर गेलं की फलंदाज निमूट चालू लागायचा. कर्जत-खालापुरात निमूटपणे मान्य होणारी ही बहुधा एकमेव गोष्ट होती.

आठवड्याचे बाकीचे दिवस हिरामण कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर गवत कापायचा. पूर्वी विळ्याने कापायचा, आता मशीनने. खांद्याला पट्टा, मुठीत दांडा, टोकाला गरागरा फिरणारी दोरी आणि दिवसभर घर्रर्र. मुंबईचे पाहुणे शनिवारी येऊन त्या गवतावर अनवाणी चालत आणि "किती शांत आहे ना इथे," असं म्हणत. त्या शांततेसाठी शुक्रवारचा अख्खा दिवस मशीन चालवावं लागे. संध्याकाळी मशीन बंद केलं, तरी हात तासभर चालूच राहायचा.

दिवाळीनंतर उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. शर्टाची बटणं लागेनात. पहाटे जाग यायची तेव्हा हात मेलेला असायचा. मग हिरामण तो खाटेबाहेर लोंबता सोडून जोरजोरात झटकायचा, तेव्हा कुठे त्यात जीव यायचा.

"अवो, पाटंचं कोनाला टाटा करताय?" विमलबाई विचारायच्या.

"हाताला मुंग्या आल्यात गं."

"मुंग्या? मग साखर कमी खावा."

गावाने यथाशक्ती उपचार केले. विमलबाईंनी करंजाचं तेल चोळलं. सहदेवशेठनी चुंबकाचं कडं दिलं. त्याला घरातल्या टाचण्या चिकटल्या, बाकी फरक पडला नाही. कोणी म्हणालं, दुखणं मानेतून येतंय, म्हणून हिरामणने आठवडाभर मानेला पट्टा बांधला. त्या आठवड्यात त्याला मान वळवता येईना, त्यामुळे लोकांना तो गर्विष्ठ झाला असं वाटलं. एका हाड बसवणाऱ्याने एकेक बोट धरून ओढलं. त्याने बोटं लांब झाल्यासारखी वाटली, मुंग्यांना मात्र जागा वाढली.

अशा हाताने हिरामण सेमीफायनलला उभा राहिला. जांभळोली विरुद्ध पळसदे. आदल्या दिवशी रिसॉर्टवर लग्न होतं म्हणून त्याने दुप्पट गवत कापलं होतं. त्यात षटकातले चेंडू मोजायला त्याच्या मुठीत सकाळपासून सहा खडे. दुपारपर्यंत त्या मुठीत खडे आहेत की नाहीत, हे बघितल्याशिवाय कळेना. एक षटक सात चेंडूंचं झालं. पळसदेकर कुरकुरले, पण हिरामण आहे म्हणून गप्प बसले.

शेवटचा चेंडू. जांभळोलीला चार धावा हव्या होत्या. समोर हिरामणचा पुतण्या, नाव नवीन. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू बांधाच्या दिशेने निघाला. मागोमाग पळसद्याचा कॅप्टन कमलेश, त्याच मेव्हण्याचा मुलगा, धावत सुटला. दोघांच्या मागे एवढी धूळ उडाली की बांध, चेंडू आणि कमलेश तिघेही दिसेनासे झाले. नेमक्या त्याच क्षणी हिरामणच्या तीन बोटांत मुंगळे चावल्यागत झालं आणि त्याने हात दोन-चार वेळा जोरात झटकला.

बांबूच्या मचाणावर माईक घेऊन नागू बसला होता. नागू धावाही लिहायचा आणि कॉमेंट्रीही करायचा. तो ओरडला, "चौकाऽऽर! हिरामणदादांनी हात फिरवलाय! जांभळोली फायनलमंदी!"

ढोल-ताशासकट बेंजो सुरू झाला. नवीन खांद्यावर गेला. धुळीतून कमलेश बाहेर आला तो चेंडू हातात धरून ओरडत, पण बेंजोपुढे त्याचं कोण ऐकणार? हिरामणला त्या गोंगाटात 'चौकार' एवढंच ऐकू आलं. त्याला वाटलं, नागू उंचावर आहे, त्याने चेंडू बांधाला लागलेला बघितला असणार. त्याने खडे खिशात टाकले आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर नवीनचा मोठा फोटो, खाली "चौकारसम्राट" आणि नवीनपेक्षा जरा मोठा सहदेवशेठचा फोटो. त्याच संध्याकाळी पळसद्याची माणसं आली.

"मामा," कमलेश म्हणाला. आत्याच्या नवऱ्याला ते मामा म्हणतात. "चेंडू बांधाच्या अलीकडं व्हता. मी धरला व्हता. तुमी पुतन्यासाठी चौकार दिलात."

"मी कोनासाठी काय देत नाय," हिरामण म्हणाला.

"मग घ्या शपथ. गावदेवीची. नायतर फायनलला तुमी उभं ऱ्हायचं नाय. ह्या वर्षी नाय आनि कदीच नाय."

हिरामणचा चेहरा उतरला. गवत कुणीही कापू शकतं. पण चौकात चहाच्या टपरीवर त्याला बसायला जागा मिळायची ती अंपायरच्या पांढऱ्या कोटामुळे. तो कोट गेला की तो नुसता हिरामण.

"घेतो," तो म्हणाला.

जांभळोलीत शपथेची रीत अशी की उजवा हात पुढे करायचा, मनगट मागे वाकवून तळवा वर धरायचा, त्यावर नारळ उभा ठेवायचा आणि आबाजी गुरवांचं गाऱ्हाणं संपेपर्यंत तो तसाच पेलायचा. माणूस खोटा असेल तर देवी नारळ पाडते. अडचण एवढीच की आबाजींचं गाऱ्हाणं फार लांब असतं. त्यांनी देवीला सगळे बांध सांगितले, सगळी घराणी सांगितली, मागच्या सरपंचांचं नाव घेतलं, त्यांच्या आधीच्या सरपंचांचं घेतलं आणि ओघात आहेच म्हणून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे खड्डेही देवीच्या कानावर घातले. खड्ड्यांपर्यंत येईतो हिरामणला तळव्यावर नारळ आहे की बटाटा, हे कळेनासं झालं होतं.

नारळ पडला. घरंगळत गेला आणि थेट कमलेशच्या पायाशी थांबला.

देवळात पळसदेकर एकदम बोलू लागले आणि जांभळोलीकर त्यांच्या वर आवाज चढवून बोलू लागले. सहदेवशेठचं म्हणणं होतं, की नारळ मुळात गोल असतो, तेव्हा तो पडण्यात देवीचा हात असेलच असं नाही. पण वीस वर्षं हिरामणवर विश्वास ठेवणारी माणसं त्याच्याकडे न बघता चपला शोधू लागली, आणि ते हिरामणने बघितलं.

दोन दिवस तो कामावर गेला नाही. ओट्यावर उजवा हात मांडीवर घेऊन बसून राहिला, जणू दुसऱ्याचा हात सांभाळायला दिलाय.

"देवी खोटं नाय करनार गं," तो विमलबाईंना म्हणाला. "मग मीच खोटा असंन. माजं मलाच कळलं नसंन."

विमलबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पीठ खाली ठेवलं.

"काल तुमच्या हातातनं कपबशी पडली. परवा तांब्या पडला. त्यांनी काय खोटी शपथ घेतली व्हती?"

हिरामणने मांडीवरचा हात उलटासुलटा करून बघितला.

"उठा. कर्जतला जाऊ. स्टेशनामागं हाडांची डाक्टरीन बसते."

डॉक्टरीण सुरभी वयाने लहान होती. एवढ्या लहान मुलीला हात दाखवावा की नाही, असं हिरामणला वाटलं, पण तोवर तिने तो धरलाही होता.

"काका, मुंग्या कुठल्या बोटांना येतात?"

"सगळ्यास्नी."

"नीट आठवा. करंगळीला?"

हिरामण विचारात पडला. इतक्या दिवसांत करंगळीची वेगळी चौकशी कोणीच केली नव्हती. "नाय," तो म्हणाला. "ती शानी हाय. अंगठा, त्याच्या शेजारची दोन, आनि चवथ्याचा अर्धा."

डॉक्टरीण खूश झाली. रोग नेमक्या जागी सापडला की डॉक्टर लोक खूश होतात, त्यात वाईट वाटून घेऊ नये. तिने मनगटाच्या आतल्या बाजूला बोटाने टिचक्या मारल्या. हिरामण दचकला; बोटांच्या टोकापर्यंत करंट गेला.

"आता उलटा नमस्कार करा. तळवे नाही, हाताच्या पाठी एकमेकांना टेकवा, बोटं खाली. असेच मिनिटभर धरा."

मिनिट पुरं व्हायच्या आत उजव्या हातात मुंग्यांची जत्रा भरली. विमलबाईंनीही गुपचूप उलटा नमस्कार करून बघितला. त्यांना काही झालं नाही. त्यांना थोडं बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

"खंडाळ्याच्या घाटातला बोगदा बघितलाय ना?" डॉक्टरीण म्हणाली. "तसा मनगटातही एक बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस. दिवसभर थरथरणारं मशीन घट्ट धरलं की आत सूज येते. बोगदा काही रुंद होत नाही, मग नस दबते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून ती सुटली."

"मंजे हायवेला शनिवारी व्हतं तसं," हिरामण म्हणाला. "ट्राफिक."

"ट्रॅफिकच."

"आनि जुन्या रस्त्यानं गेला तो पोचला."

"अगदी. मनगट मागे वाकवून धरलं किंवा मूठ वळून बसलात की ट्रॅफिक आणखी तुंबतं. झोपेत मनगट दुमडतं, म्हणून पहाटे त्रास. बरं, मुंग्या आल्या की तुम्ही काय करता?"

"झटकतो."

"कसं? करून दाखवा."

हिरामणने हात पुढे केला आणि कंबरेच्या उंचीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे झटकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तो मधेच थांबला. हात हवेतच राहिला. त्याने हाताकडे बघितलं आणि मग विमलबाईंकडे.

विमलबाईंनी वीस वर्षं बांधावर बसून त्याला अंपायरगिरी करताना बघितलं होतं.

"अगो बाय," त्या म्हणाल्या. "चौकार."

"काय झालं?" डॉक्टरीण म्हणाली. "खूप दुखतंय का?"

"नाय ओ," हिरामण म्हणाला. "आता नीट कळलं काय झालंय."

डॉक्टरिणीने मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, झोपताना रोज बांधायचा. मशीनला काही आठवडे हात लावायचा नाही. पुढे लावलाच तर मधे मधे थांबून, दांड्याला जाड गुंडाळून. रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासायचं, नसांची एक तपासणी करायची. एवढ्याने भागलं नाही तर मनगटात एक इंजेक्शन, त्यानेही नाही भागलं तर छोटंसं ऑपरेशन. घाबरायचं कारण नाही, पण अंगावर काढलं तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकतो आणि मग पकड जाते. बोटं मात्र कोणाकडूनही ओढून घ्यायची नाहीत.

"आनि मानेचा पट्टा?"

"मान दुखते का?"

"नाय."

"मग ज्याची मान दुखते त्याला द्या."

परत येताना नवरा-बायको रिक्षाच्या दोन बाजूंनी बाहेर बघत होते. कोण काय विचार करतंय, हे दोघांनाही माहीत होतं. हात आजारी आहे म्हटलं, तर हिरामण खोटा ठरत नव्हता. पण मग तो चौकारही चौकार ठरत नव्हता आणि फायनलमध्ये जांभळोली नव्हती. त्याच गावात त्याला मरेपर्यंत राहायचं होतं.

बातमी रिक्षाच्या आधी गावात पोचली. संध्याकाळी सहदेवशेठ नवीनला घेऊन आले.

"हिरामण, तुला काय झालं नाय," सहदेवशेठ म्हणाले. "असा हात ठनठनीत हाय. दे बघू." त्यांनी हिरामणचा हात धरून जोरात हलवला. हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, पकड कशी हाय बैलागत!"

"शेठ, ती पकड तुमची हाय."

"डाक्टर लोकांना आजार लागतो रं. तू कशाला मनावर घेतोस? चौकार तो चौकार. फ्लेक्स लागलाय."

"काका," नवीन म्हणाला, "रिसॉर्टवरच्या पोरींनी फ्लेक्सबरूबर सेल्फी काढलेत."

तिकडे पळसद्याचंही मन पालटलं होतं. कालपर्यंत हिरामणला चोर म्हणणारी माणसं आज त्याच्या तब्येतीची चौकशी करू लागली. कमलेशने आत्यासाठी पपई पाठवली आणि मामांना सक्त विश्रांती घ्यायला सांगितलं. एका माणसाच्या मनगटावरून दोन गावांची फाळणी झाली. जांभळोलीच्या मते हात ठणठणीत होता, पळसद्याच्या मते मामांचं दुखणं अंगठ्याच्याही पुढे गेलेलं होतं. हिरामणला काय वाटतं, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.

ते शुक्रवारी कमिटीच्या बैठकीत विचारलं गेलं. बैठक देवळासमोर भरली. हिरामण पांढरा कोट घडी करून सोबत घेऊन आला आणि त्याने तो आबाजींसमोर ठेवला.

"तो चौकार मी दिला नव्हता," तो म्हणाला. "हाताला मुंग्या आल्या म्हनून झटकला."

"दादा!" नागू उभा राहिला. "मी तर तुमचा हात बघून बोंबललो!"

"आनि मी तुजी बोंब आयकून गप बसलो."

"मंजे चेंडू बांधाला लागलेला बघितला कोनी?"

कोणीच बघितला नव्हता. बघणारा एकटा कमलेश होता आणि तो पहिल्यापासून सांगत होता.

"तर निकाल असा," हिरामण म्हणाला. "चेंडू अलीकडं धरला. नवीननं पळून काडलेली एकच धाव. पळसदं जिकलं. आता कोट घ्यायचा आसंल तर घ्या. पन लबाड म्हनून घेऊ नका. हात गेला म्हनून घ्या."

जांभळोलीकर भडकले. सहदेवशेठ म्हणाले, आता फ्लेक्सचं काय करायचं. नवीन म्हणाला, सख्खा काका असून. गोदूबाई म्हणाली, यापेक्षा चेंडू तिच्या वालात पडला असता तर बरं झालं असतं, कोणी जिंकलंच नसतं. तेवढ्यात कमलेशने हात वर केला.

"मामा, तुमचं पटलं. पन एक सांगा. तुमी खरं बोलत व्हतात, तर देवीनं नारळ का पाडला?"

आता सगळे आबाजींकडे बघू लागले. प्रश्न गंभीर होता. हिरामण खरा म्हणावा तर देवी चुकली, आणि देवी बरोबर म्हणावी तर हिरामण खोटा. आबाजींनी पंचा खांद्यावर नीट घेतला.

"देवी काय बोलली व्हती का, हा खोटा हाय म्हनून?" ते म्हणाले. "बोललात तुमी. तिनं फकस्त हात दाखवला. बगा रं, ह्या मानसाच्या हाताकडं कोनी बगत नाय, ह्याच्या हातात नारळ ऱ्हात नाय. अक्ख्या गावानं तेल चोळलं, कडी घातली, मानंला पट्टं बांदलं. ह्याचा रोग पयला कोनी वळकला? देवीनं. डाक्टरनं मागनं फी घेतली."

जांभळोलीकरांनी हात जोडले. पळसद्याची देवी वेगळी होती, पण त्यांनीही हात जोडले. आबाजींनी कोट उचलला, झटकला आणि हिरामणच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो घाल. आनि ह्यापुढं शपथेला गाऱ्हानं आखूड करीन मी. खड्डं वगळतो."

रविवारी फायनल. पळसदे विरुद्ध नेरळचा एक संघ. जांभळोलीकरांनी मॅचवर बहिष्कार घातला होता, म्हणून ते सगळे आपापल्या शेताची पाहणी करायला म्हणून बांधावर येऊन बसले. सहदेवशेठ तर खुर्ची घेऊनच शेत बघायला आले. चौकातल्या फ्लेक्सवरचा नवीन कापून काढला होता. सहदेवशेठ तेवढे राहिले होते.

पट्टा बांधून चार रात्री झोपल्यावर हिरामणची पहाटेची झटकाझटक कमी झाली होती, थांबली नव्हती. खडे त्याने डाव्या खिशात ठेवले होते. उजवा हात कोटात घालून तो उभा राहिला. खुणा डाव्या हाताने करणार, हे त्याने दोन्ही कॅप्टनना आधीच सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्याच षटकात कमलेश पुढे येऊन खेळला. चेंडू बॅटच्या बाजूने सुर्रकन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. नेरळची पोरं ओरडली. बॅट लागली की हवाच गेली, हे बांधावरून कळण्यासारखं नव्हतं. पळसद्याकडून आवाज आला, "मामा, बगून!" माईकवर नागूने तोंड उघडलं, मग हिरामणकडे बघितलं आणि मिटलं.

हिरामणने डावं बोट वर केलं. सरळ, खांद्याच्या वर, कोणालाही दिसेल असं.

कमलेश तिथेच उभा राहिला. मैदानावर बेंजोवाल्यांनीसुद्धा काड्या खाली ठेवल्या. कमलेशने एकदा बोटाकडे बघितलं, एकदा स्वतःच्या बॅटीकडे. मग बॅट काखेत मारली आणि चालू लागला. हिरामणजवळून जाताना तो म्हणाला, "लागली व्हती, मामा. पन तुमाला आयकू कशी आली?"

"कान चांगलं हायत," हिरामण म्हणाला. "जा आता, पुडच्याला येऊ दे."

बांधावर सहदेवशेठ खुर्ची सरकवत शेजारच्या नेरळच्या पाहुण्याकडे वळले.

"बघितलात?" ते म्हणाले. "सख्खा भाचा आऊट दिला. आमच्या गावचा अंपायर हाय तो."